कोस्टा रिका : सैन्यावांचून राहिलेलें राष्ट्र

अमेरिकेचा नकाशा समोर धरला, तर उत्तर व दक्षिण अशीं दोन विस्तीर्ण खंडें एका चिंचोळ्या भूपट्टीनें एकमेकांस जोडलेलीं दिसतात. या पट्टीवर सात लहान राष्ट्रें वसलेलीं आहेत. त्यांपैकीं पनामाचें नांव तेथील कालव्यामुळें आपल्या परिचयाचें आहे. ग्वाटेमाला, होंडुरास, निकाराग्वा हीं नांवें बहुधा एखादी राज्यक्रांति, भूकंप अगर वादळ झालें म्हणजेच आपल्या कानीं पडतात. परंतु निकाराग्वा आणि पनामा यांच्या मध्यें जें कोस्टा रिका नांवाचें राष्ट्र आहे, त्याची वार्ता आपल्याकडे क्वचितच येते. त्या राष्ट्रानें १९४८ सालीं आपलें सैन्य मोडून टाकलें, आणि तें आजतागायत पुन्हां उभारलेलें नाहीं. शेजाऱ्यांच्या घरीं यादवी माजलेली असतांना एका लहान राष्ट्रानें हें साहस कां केलें, तें टिकलें कसें, आणि त्याच्या यशांत कोणाकोणाचा वांटा होता, हें समजून घेण्यासारखें आहे. आजच्या भाषणांत त्या राष्ट्राची ओळख याच अंगानें करून देण्याचा माझा विचार आहे.

प्रथम देशाची रचना पाहूं. कोस्टा रिकाचें क्षेत्रफळ सुमारें १९,७०० चौरस मैल, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ एकषष्ठांश. लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास. पूर्वेस कॅरिबियन समुद्र, पश्चिमेस पॅसिफिक महासागर, आणि या दोहोंमधील अंतर कांहीं ठिकाणीं अवघें पाऊणशें मैल. देशाच्या मधून वायव्येकडून आग्नेयेकडे पर्वतांचा कणा गेला आहे. त्यांतील चिरिपो हें सर्वोच्च शिखर साडेबारा हजार फुटांहून किंचित् उंच आहे. या कण्यावर इरासू, पोआस, तुरिआल्बा, आरेनाल असे ज्वालामुखी आहेत, आणि ते केवळ शोभेचे नाहींत. १९६३ सालच्या मार्चमध्यें अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी या देशाच्या भेटीस आले, त्याच सुमारास इरासूनें राख ओकण्यास आरंभ केला, आणि पुढें सुमारें दोन वर्षें राजधानीच्या छपरांवर व कॉफीच्या मळ्यांवर ती राख पडत राहिली. तथापि याच ज्वालामुखींच्या राखेनें मधल्या खोऱ्याची जमीन सुपीक केली आहे. समुद्रसपाटीपासून तीन ते पांच हजार फूट उंचीचें हें मध्यवर्ती खोरें म्हणजे देशाचें हृदय होय. राजधानी सान होजे येथेंच आहे, आणि निम्म्याहून अधिक लोकवस्तीही येथेंच एकवटलेली आहे.

अक्षांश पाहिले तर हा देश आपल्या केरळाच्या ओळींत येतो. मे ते नोव्हेंबर पाऊस आणि डिसेंबर ते एप्रिल कोरडा काळ, असें तेथील ऋतुमान. गंमत अशी कीं स्पॅनिश लोकांच्या वहिवाटीप्रमाणें तेथील लोक पावसाळ्यास ‘हिंवाळा’ आणि आपल्या थंडीच्या महिन्यांस ‘उन्हाळा’ म्हणतात. वनस्पतींच्या बाबतींत तर आपला व त्या भागाचा ऋणानुबंध जुनाच आहे. पपई आणि चिकू हीं फळें मूळचीं मध्य अमेरिका व मेक्सिको या प्रदेशांतील. युरोपीय दर्यावर्दी लोकांच्या गलबतांतून तीं पूर्वेकडे आलीं, आणि आज आपल्या बागांतून इतकीं रुळलीं आहेत कीं तीं परकीं असें कोणासही वाटत नाहीं. उलट दिशेनें आंबा, ऊस, केळ आणि कॉफी तिकडे गेलीं. तेथील सामान्य घरचें सकाळचें जेवण म्हणजे भात आणि काळा घेवडा एकत्र परतून केलेला ‘गाय्यो पिंतो’. भाताच्या ताटास सरावलेल्या मनुष्यास तें अगदींच अनोळखी वाटूं नये.

कोस्टा रिका या नांवाचा अर्थ ‘समृद्ध किनारा’. १५०२ सालच्या सप्टेंबरांत कोलंबसानें आपल्या चवथ्या सफरींत हल्लींच्या लिमोन बंदराजवळ नांगर टाकला. तेथील लोकांच्या अंगावरील सोन्याचे अलंकार पाहून स्पॅनिश लोकांस या भूमीविषयीं मोठी आशा उत्पन्न झाली, आणि पुढें हें नांव रूढ झालें. प्रत्यक्षांत सोन्याच्या मोठ्या खाणी सांपडल्या नाहींत. मेक्सिको व पेरू येथें जशी अफाट संपत्ति आणि राबविण्यास लाखोंची वस्ती मिळाली, तशी येथें मिळाली नाहीं. कार्तागो हें पहिलें कायमचें स्पॅनिश गांव वसण्यास १५६३ साल उजाडलें. अठराव्या शतकाच्या आरंभीं येथील सुभेदारानें वसाहतीच्या कमालीच्या दारिद्र्याचें वर्णन राजास लिहून कळविलें होतें. सुभेदारासही स्वतःची शेती करावी लागे, असें त्या काळाविषयीं सांगतात.

या दारिद्र्यावरूनच कोस्टा रिकाच्या लोकांनीं स्वतःविषयीं एक कथा रचली आहे. जेथें सर्वच गरीब, तेथें धनी आणि दास असा भेद कोठून येणार? म्हणून आमची लोकशाही ही शेतकऱ्यांच्या समतेंतून उगवली, असें ते अभिमानानें सांगतात. या कथेंत तथ्य आहे. मोठ्या जहागिरी आणि त्यांच्यावर राबणारा प्रचंड कुळवर्ग हें शेजारच्या देशांतील चित्र मधल्या खोऱ्यांत फारसें दिसलें नाहीं. परंतु ही कथा अर्धीच आहे. येथील मूळच्या रहिवाशांचा मोठा भाग रोगराईनें आणि वेठीनें नष्ट झाला, हें त्या समतेच्या पायाखालीं गाडलेलें सत्य होय. तालामांका पर्वतांतील लोकांनीं १७०९ सालीं पाब्लो प्रेस्बेरे याच्या नेतृत्वाखालीं उठाव केला, आणि पुढील वर्षीं कार्तागो येथें प्रेस्बेरे यास देहान्ताची शिक्षा झाली. त्याच पर्वतांत आज ब्रिब्री व काबेकार हे समाज आपली भाषा राखून आहेत. दक्षिणेकडील डिकिस नदीच्या खोऱ्यांत प्राचीन कारागिरांनीं घडविलेले दगडाचे प्रचंड गोळे सांपडले आहेत. त्यांतील कांहींचा व्यास सहा फुटांहून अधिक आहे. १९३० नंतर केळीच्या मळ्यांसाठीं जंगल तोडतांना हे गोळे मोठ्या संख्येनें उजेडांत आले. ते कशासाठीं घडविले हें निश्चित सांगणारा कोणी उरलेला नाहीं, यांतच त्या लोकांची शोकांतिका आली.

१८२१ सालीं मध्य अमेरिका स्पेनपासून स्वतंत्र झाली. स्वातंत्र्याचा ठराव १५ सप्टेंबर रोजीं ग्वाटेमालांत झाला. त्याची बातमी डोंगर-जंगलें ओलांडून कार्तागोस पोंचावयास जवळजवळ एक महिना लागला. लढाई न करितां मिळालेल्या या स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळांत कॉफीचें युग सुरू झालें. सरकारनें व नगरपालिकांनीं लोकांस रोपें वांटलीं आणि जमीन लागवडीस दिली. १८४३ सालीं विल्यम ल लाशर नांवाच्या इंग्रज कप्तानानें येथील कॉफी थेट लंडनच्या बाजारांत नेली, आणि त्यानंतर या डोंगरी देशाचें दैव पालटलें. रंगीत नक्षीच्या चाकांचे बैलगाडे कॉफीचीं पोतीं भरून पुन्तारेनास बंदराकडे जाऊं लागले, आणि तेथून जहाजें दक्षिण अमेरिकेच्या टोंकास वळसा घालून युरोपास जात. बैलगाडा हें आज त्या देशाचें राष्ट्रीय प्रतीक मानतात. लहान शेतकऱ्यांच्या हातीं जमीन राहिली खरी; पण कॉफी धुऊन वाळविण्याचे कारखाने आणि परदेशाशीं व्यापार हीं थोड्या कुटुंबांच्या हातीं गेलीं, आणि पुष्कळसे राष्ट्राध्यक्ष त्याच कुटुंबांतून निपजले. राजधानींतील राष्ट्रीय नाट्यगृह १८९७ सालीं पुरें झालें, त्याचा खर्चही कॉफीच्या निर्यातीवरील करांतून आरंभिला होता.

या राष्ट्रास युद्ध ठाऊकच नव्हतें, असें मात्र कोणी समजूं नये. १८५५ सालीं विल्यम वॉकर नांवाचा एक अमेरिकन साहसी पुरुष भाडोत्री टोळी घेऊन निकाराग्वांत उतरला. पुढील वर्षीं तो त्या देशाचा अध्यक्ष होऊन बसला, आणि तेथें त्यानें गुलामगिरी पुन्हां कायदेशीर केली. कोस्टा रिकाचे अध्यक्ष हुआन राफाएल मोरा यांनीं त्याच्याविरुद्ध शेतकऱ्यांची फौज उभी केली. ११ एप्रिल १८५६ रोजीं रिवासच्या लढाईंत शत्रूच्या आश्रयस्थानास आग लावतांना हुआन सांतामारिया हा सैन्यांतील एक गरीब ढोलवाला मारला गेला. त्या राष्ट्राचा आदर्श वीर तोच. एखादा सेनापति नव्हे. विजयी सैन्यानें घरीं परततांना पटकीची सांथ बरोबर आणली, आणि तींत देशाची जवळजवळ एकदशांश प्रजा मरण पावली. युद्धाची खरी किंमत काय असते, याचा हिशेब त्या लोकांनीं त्या वर्षीं घरोघरीं मांडला.

यानंतरचें प्रकरण लोहमार्गाचें आणि केळ्यांचें. कॉफी थेट अटलांटिककडे नेतां यावी म्हणून १८७१ सालीं लिमोन बंदराकडील लोहमार्गाचें काम सुरू झालें. दलदल, पिवळा ताप आणि हिंवताप यांनीं हजारों मजुरांचा बळी घेतला. जमेका बेटांतील कृष्णवर्णीय, चिनी व इटालियन अशा मजुरांच्या श्रमानें तो मार्ग १८९० सालीं पुरा झाला. पैसा संपला तेव्हां कंत्राटदार मायनर कीथ यानें सरकारशीं १८८४ सालीं करार केला. त्याअन्वयें रेल्वे ९९ वर्षांच्या मुदतीनें, आणि शिवाय आठ लक्ष एकर जमीन त्यास मिळाली. रुळांच्या कडेनें त्यानें केळी लावल्या, आणि पुढें १८९९ सालीं त्यांतूनच युनायटेड फ्रूट ही बलाढ्य कंपनी निर्माण झाली. लिमोनचा किनारा म्हणजे जणूं निराळा देश झाला. तेथील मजूर इंग्रजी बोलत, नारळाच्या दुधांत भात शिजवीत, आणि डोंगरावरील स्पॅनिश भाषकांच्या समाजांत त्यांस स्थान नव्हतें. १९३४ सालीं केळीच्या मळ्यांतील मजुरांनीं मोठा संप केला. त्या संपांतील एक पुढारी कार्लोस लुइस फायास यांनीं पुढें ‘मामिता युनाय’ ही कादंबरी लिहिली. त्याच सालीं कंपनीशीं झालेल्या नव्या कराराच्या कायद्यानें पॅसिफिककडील मळ्यांत कृष्णवर्णीयांस कामास घेण्याची बंदी झाली. समतेच्या कथेंतील हें दुसरें न सांगितलेलें प्रकरण होय.

मात्र एका गोष्टींत या राष्ट्रानें फार लवकर दूरदृष्टि दाखविली. १८६९ च्या घटनेंत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें ठरविलें गेलें, आणि १८८६ च्या सुमारास मंत्री माउरो फर्नांदेस यांनीं शाळांची पद्धतशीर उभारणी केली. मृत्युदंड तर एकोणिसाव्या शतकांतच रद्द झाला. मतपेटींतून राज्य पालटण्याची संवय लागत गेली. ती अखंड नव्हती. १९१७ ते १९१९ या काळांत फेदेरिको तिनोको याची हुकूमशाही येथेंही झाली. तरी लोकांच्या मनांत निवडणूक हाच राजमार्ग ठरला होता. म्हणूनच १९४८ सालीं ती निवडणूक हिरावली जातांच देश पेटला.

त्या वादळाची पार्श्वभूमि अशी. १९४० सालीं अध्यक्ष झालेले डॉक्टर काल्देरोन ग्वार्दिया यांनीं सामाजिक विम्याची संस्था, कामगारांचे हक्क आणि कामगार कायदा हीं अंमलांत आणलीं. या कामीं कम्युनिस्ट पुढारी मानुएल मोरा आणि आर्चबिशप सानाब्रिया अशा दोन टोंकांच्या माणसांचा त्यांस पाठिंबा मिळाला, ही जगाच्या इतिहासांतील दुर्मिळ युति होय. परंतु त्यांच्या पक्षावर भ्रष्टाचाराचे आणि निवडणुकींत ढवळाढवळ केल्याचे आरोप होऊं लागले. १९४२ च्या जुलैमध्यें होजे फिगेरेस नांवाच्या एका शेतमालकानें नभोवाणीवरून सरकारवर टीका करण्यास आरंभ केला. भाषण चालू असतांनाच पोलिसांनीं येऊन त्यास पकडलें, आणि त्यास मेक्सिकोंत हद्दपार केलें. एका अपुऱ्या राहिलेल्या रेडिओ-भाषणानें त्या देशास त्याचा पुढील नेता दिला, ही गोष्ट श्रोत्यांस विशेष वाटेल.

१९४८ च्या फेब्रुवारींतील निवडणुकींत विरोधी उमेदवार ओतिलिओ उलाते विजयी झाले. १ मार्च रोजीं विधिमंडळानें ती निवडणूक रद्द ठरविली. १२ मार्चला फिगेरेस यांनीं उठाव केला. सहा आठवडे यादवी चालली, तींत सुमारें दोन हजार माणसें मेलीं असें मानतात, आणि बंडखोर विजयी झाले. विजयी सेनापतींनीं सिंहासनावर बसावें, ही त्या भूभागाची रीत. फिगेरेस यांच्या हंगामी सरकारनेंही सर्व गोष्टी धुतल्या तांदळासारख्या केल्या नाहींत. पराभूत पुढारी परागंदा झाले आणि कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली. परंतु काल्देरोन यांचे सामाजिक कायदे त्यांनीं मोडले नाहींत. स्त्रियांस मताधिकार मिळाला, आणि लिमोनच्या कृष्णवर्णीयांस पूर्ण नागरिकत्वाचा मार्ग मोकळा झाला. निवडणुका सरकारच्या हातांतून काढून एका स्वतंत्र न्यायमंडळाकडे सोंपविल्या. आणि १ डिसेंबर १९४८ रोजीं राजधानींतील बेलाविस्ता या किल्लेवजा लष्करी ठाण्याच्या भिंतीवर फिगेरेस यांनीं स्वतः घण मारून सैन्य विसर्जित केल्याचें जाहीर केलें. त्या इमारतींत आज राष्ट्रीय संग्रहालय आहे. १९४९ च्या घटनेच्या बाराव्या कलमानें कायम सैन्य निषिद्ध ठरविलें. १९४९ च्या नोव्हेंबरांत फिगेरेस यांनीं सत्ता निवडून आलेल्या उलाते यांच्या स्वाधीन केली.

हें केवळ साधुत्वानें घडलें काय? तसें म्हणणें भाबडेपणाचें होईल. जुनें सैन्य लहान व पराभूत होतें. तें राखणें म्हणजे उद्यांच्या बंडास शस्त्रें पुरविणें. स्वतःच्या विजयी स्वयंसेवकांचें कायम लष्कर केलें, तर तेंही एके दिवशीं उलटेल. १९४९ च्या एप्रिलमध्यें खुद्द संरक्षण खात्याच्या मंत्र्यानेंच सरकार उलथण्याचा प्रयत्न केला, यावरून ती भीति खरी ठरली. शिवाय अमेरिकेंतील राष्ट्रांचा परस्पर संरक्षणाचा करार नुकताच झाला होता, आणि बलाढ्य संयुक्त संस्थानांची छाया जवळ होती. म्हणजे या निर्णयांत धोरण होतें, सोय होती, आणि धैर्यही होतें. धैर्याची परीक्षा तर दहाच दिवसांत झाली. निकाराग्वांतून पराभूत पक्षाची टोळी चालून आली. १९५५ च्या जानेवारींत पुन्हां तसेंच झालें. दोन्ही वेळीं अमेरिकन राष्ट्रांच्या संघटनेकडे दाद मागून आणि स्वयंसेवक उभे करून संकट टळलें. १९५५ मध्यें संयुक्त संस्थानांनीं चार लढाऊ विमानें एकेका डॉलरास विकलीं, हें येथें लपवून उपयोग नाहीं. निःशस्त्र राष्ट्राससुद्धां कोणाचा तरी आधार लागतो.

तथापि आधार घेणें आणि अंकित होणें यांत अंतर आहे. १९८० नंतर निकाराग्वा, एल साल्व्हादोर व ग्वाटेमाला या देशांत यादवीनें लाखों माणसें देशोधडीस लागलीं. संयुक्त संस्थानांची इच्छा निकाराग्वाच्या सरकारविरुद्ध लढा चालू ठेवण्याची होती. तेव्हां अध्यक्ष ओस्कार आरियास यांनीं तो दाब न मानतां शांततेची योजना मांडली, आणि ७ ऑगस्ट १९८७ रोजीं पांच राष्ट्राध्यक्षांनीं तिच्यावर सह्या केल्या. त्या वर्षीचें शांततेचें नोबेल पारितोषिक आरियास यांस मिळालें. पुढें २०१० सालीं सीमेवरील नदीच्या मुखाजवळील भूभागावरून निकाराग्वाशीं तंटा झाला, तो कोस्टा रिकानें हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयांत नेला. २०१५ सालीं निकाल तिच्या बाजूनें लागला.

सैन्यावर न गेलेला पैसा कोठें गेला, असा प्रश्न कोणीही विचारील. पुष्कळसा शाळा, दवाखाने आणि वीज यांवर गेला. १९४९ सालीं सरकारी वीजसंस्था स्थापन झाली. आज देशाची बहुतेक सर्व वीज पाणी, वारा आणि भूगर्भांतील उष्णता यांपासून होते. सरासरी आयुर्मान ऐंशी वर्षांच्या आसपास आहे. वनांची कथा याहून बोधप्रद आहे. गुरांच्या कुरणांसाठीं बेसुमार तोड होऊन १९८० नंतरच्या वर्षांत जंगल एकचतुर्थांश भूमीवर आलें होतें. १९९६ च्या वनकायद्यानें तोडीस आळा घातला, आणि इंधनावरील कराचा कांहीं भाग रान राखणाऱ्या जमीनदारांस मोबदला म्हणून देण्याची पद्धत पाडली. आज निम्म्याहून अधिक भूमि पुन्हां वृक्षाच्छादित आहे. मोंतेवेर्दे येथील प्रसिद्ध मेघवन राखण्यांत अमेरिकेंतून १९५१ सालीं आलेल्या कांहीं क्वेकर कुटुंबांचा मोठा वांटा आहे. सक्तीची सैन्यभरती नको म्हणून आणि येथें सैन्य नाहीं म्हणून तीं येथें आलीं होतीं.

तरी हें नंदनवन आहे, अशी समजूत करून घेऊं नये. १९८१ सालीं कर्जाचे हप्ते थकून राष्ट्र जवळजवळ दिवाळखोर झालें होतें. श्रीमंत-गरीब यांतील अंतर वाढतें आहे. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारा अंमली पदार्थांचा व्यापार या भूमीवरून वाहतो, आणि त्याची झळ सर्वांत अधिक लागते ती त्याच लिमोनच्या किनाऱ्यास. २०२३ सालीं देशांत सुमारें नऊशें खून झाले. पूर्वीं कधींही एका वर्षांत इतके झाले नव्हते. सैन्य नसलेल्या देशास या नव्या शत्रूशीं पोलीस, न्यायालय आणि शाळा यांच्याच बळावर झुंजावयाचें आहे. मागील पिढ्यांनीं ज्या वस्तीकडे डोळेझांक केली, तिचें देणें आज फेडावें लागत आहे, असेंच म्हटलें पाहिजे.

शेवटीं एक प्रसंग सांगतों. १९४८ च्या यादवींत काल्देरोन आणि फिगेरेस हे एकमेकांचे प्राणांतिक शत्रु होते. १९९० सालीं काल्देरोन यांचे पुत्र निवडून येऊन अध्यक्ष झाले. त्यांची मुदत संपल्यावर १९९४ च्या मे महिन्यांत त्यांनीं सत्ता नव्यानें निवडून आलेल्या अध्यक्षाच्या स्वाधीन केली. तो नवा अध्यक्ष म्हणजे फिगेरेस यांचा पुत्र. बापांनीं ज्यासाठीं बंदुका उचलल्या, तो प्रश्न मुलांनीं मतपत्रिकेनें सोडविला. मधल्या सेहेचाळीस वर्षांत त्या राष्ट्रानें सैन्य न ठेवतां काय मिळविलें, याचें उत्तर मला या एका दृश्यांत सांपडतें. मोठ्या राष्ट्रांस तोच मार्ग जसाच्या तसा घेतां येईल असें नाहीं. परंतु भांडण मिटविण्याचीं साधनें घरांत तयार नसतील, तर दाराशीं कितीही पहारे बसविले तरी घर सुरक्षित होत नाहीं, एवढा बोध त्यांतून कोणत्याही राष्ट्रास घेतां येईल.